तापाचा रकाना

८५०२५ म्हणजे सीबीसी. रक्तातल्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन, सगळं मशीनने मोजलेलं आणि पांढऱ्या पेशींचे प्रकारही वेगवेगळे मोजलेले. ८५०२७ हीसुद्धा सीबीसीच, फक्त प्रकारांची फोड न केलेली. ८२९४७ म्हणजे रक्तातली साखर. ८३०३६ म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब सांगणारी एचबीए१सी. ८८३०५ म्हणजे शरीरातून काढलेला लहानसा तुकडा पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली बघणं.

मी डॉक्टर नाही. पुण्यात बसून अमेरिकेतल्या पॅथॉलॉजी लॅबच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहितो. तिकडे कुणाच्या तरी दंडातून रक्त निघतं आणि दोन-चार दिवसांत ते माझ्यासमोर पाच आकडी नंबर होऊन येतं. नंबरशेजारी रोगाचा कोड असतो. दोघांची जोडी जुळली तर विमा कंपनी पैसे देते, नाही जुळली तर दावा परत येतो. हे काम करणारे माझ्यासारखे हजारो जण पुण्यात, हैदराबादला, चेन्नईला आहेत.

माझं गाव देवगड. तिथल्या लॅबचं बिल अर्ध्या पानाचं असतं. सीबीसी, एमपी, विडाल, शुगर. समोर रुपये, खाली एकूण. कोड नाही, विमा कंपनीचं नाव नाही, जोडी जुळवायचा प्रश्नच नाही. पैसे रोख द्यायचे नाहीतर भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करायचा. जांभळ्या बुचाची नळी इथेही तीच, तिकडेही तीच. मशीनही बऱ्याचदा त्याच कंपनीचं. मग एका नळीला नंबर आणि पैसे देणारा मिळाला आणि दुसरीला का नाही, हे शोधत मी बराच मागे गेलो.

कोतवाल बुकातला ताप

जातीच्या दाखल्यासाठी ज्यांच्या घरी धावपळ झाली आहे, त्यांना 'कोतवाल बुक' माहीत असेल. गाव नमुना १४. गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद. आपण त्यात पणजोबांच्या नावापुढची जात शोधतो आणि वही मिटतो. पण त्याच ओळीत आणखी एक रकाना असतो : मृत्यूचं कारण.

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात ही नोंद गावपातळीवर व्हायची. मेलेल्या माणसाला डॉक्टरने पाहिलेलं असण्याची शक्यता फार कमी. त्यामुळे कारणांची यादीही मोजकी होती : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे रोग, अपघात-इजा आणि 'इतर'. पटकी आणि देवी ओळखायला लॅब लागत नाही. बाकी जे ओळखता यायचं नाही, ते बहुतेक 'ताप' या रकान्यात जायचं. मलेरिया, टायफॉइड, न्यूमोनिया, बाळंतरोग, सगळे एकाच ओळीत. म्हणून जुन्या अहवालांत बहुतेक वर्षी 'ताप' हाच मोठा आकडा दिसतो.

रोगांची पद्धतशीर यादी करायची कल्पना त्याच काळातली. इंग्लंडमध्ये १८३७ साली जन्ममृत्यू नोंदणीचं सरकारी कार्यालय सुरू झालं. तिथल्या विल्यम फार या आकडेतज्ज्ञाने हट्ट धरला की एकाच रोगाला दहा डॉक्टरांनी दहा नावं दिली तर मोजणीला अर्थ उरत नाही. पुढे फ्रान्सच्या जाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी तयार केली आणि १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत ती स्वीकारली गेली. दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघत राहिली. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूबरोबर आजारही त्यात मोजले जाऊ लागले. हीच आजची आयसीडी. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली, अकरावी २०२२ पासून लागू आहे.

या यादीत पैशाचा उल्लेखही नव्हता. माणसं कशाने मरतात, एवढंच तिला मोजायचं होतं. पण एक गोष्ट कोतवाल बुकापासून आजपर्यंत तशीच राहिली आहे. लॅब जिथे पोचत नाही, तिथे रोगाचं नाव 'ताप' असतं. आयसीडी-१० मध्येही 'अनिर्दिष्ट ताप' असा कोड आहे, आर५०.९. जगातली सगळ्यात आधुनिक यादीसुद्धा तपासणी झाली नसेल तर कोतवालाच्याच रकान्यावर येते.

आधी चाकू, मग सुई

रोगांच्या यादीला पैसे चिकटले ते अमेरिकेत. ३० जुलै १९६५ रोजी तिथे मेडिकेअरचा कायदा झाला. ६५ वर्षांवरच्या नागरिकांचा औषधोपचार सरकारी पैशातून. आता सरकारला हे कळणं गरजेचं झालं की डॉक्टरने नेमकं केलं काय. रोगाचं नाव पुरेसं नव्हतं, कामाचं नाव हवं होतं.

गंमत अशी की पॅथॉलॉजिस्ट त्याच वर्षी स्वतःची यादी घेऊन तयार होते. १९६५ मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजने 'स्नॉप' नावाची परिभाषा काढली. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला तिची रचना फार आवडते. प्रत्येक नमुन्याला चार प्रश्न : शरीराचा कुठला भाग, पेशींत काय बदल, कशामुळे, आणि कामकाजात काय बिघाड. चारही उत्तरं वेगवेगळी नोंदवायची, म्हणजे हवी तशी जोडता येतात. आज जगभर वापरली जाणारी 'स्नोमेड' ही तिचीच वंशज. पण ती रोग समजून घेण्यासाठी होती. पैसे तिच्यावरून मिळत नव्हते.

पैशाची यादी पुढच्या वर्षी आली. १९६६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 'सीपीटी' छापली. पहिल्या आवृत्तीत कोड चार आकडी होते आणि भर होता शस्त्रक्रियांवर. लॅबच्या तपासण्यांना त्यात जागा थोडी. १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीत कोड पाच आकडी झाले आणि तपासण्यांचा भाग वाढला. १९८३ मध्ये मेडिकेअरने हे कोड आपल्या व्यवहारासाठी स्वीकारले आणि १९८४ मध्ये लॅब तपासण्यांचं वेगळं दरपत्रक लागू झालं.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी चाकू, मग सुई. शस्त्रक्रिया डोळ्यांना दिसते, तिला सुरुवात आणि शेवट असतो, टाके मोजता येतात. तपासणी छोटी, स्वस्त आणि अनेकदा केली जाणारी. त्यामुळे यादी करणाऱ्याच्या मनात ती शेवटी येते. अमेरिकेत ती शेवटी का होईना, पण आली. आज मेडिकेअरमध्ये डॉक्टरने सांगितलेल्या आणि नियमात बसणाऱ्या रक्ततपासणीसाठी रुग्णाला आपल्या खिशातून काही भरावं लागत नाही. दवाखान्यात भरती व्हायचीही अट नाही.

म्हणून तिकडे सगळं छान आहे, असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे विमा नाही त्याला तीच तपासणी कितीतरी पट महाग पडते. आणि प्रत्येक नंबरमागे पैसे आहेत म्हटल्यावर नंबर वाढवायचा मोह होतोच. नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज या बड्या कंपनीने नेहमीच्या तपासण्यांच्या संचात फेरिटिन आणि एचडीएल या दोन तपासण्या घुसवल्या. डॉक्टरांना वाटायचं त्या संचातच येतात, मेडिकेअरला मात्र त्यांचं वेगळं बिल जायचं. १९९२ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ११ कोटी १० लाख डॉलर भरले. त्यानंतर सरकारने जी चौकशी मोहीम उघडली तिचं नावच 'लॅबस्कॅम' होतं.

आज आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जे शेकडो नियम आहेत, त्यांतले बरेच याच अनुभवातून आलेले. प्रत्येक तपासणीच्या नंबरला शोभेल असा रोगाचा कोड हवा, नाहीतर दावा 'सीओ-५०' असा शिक्का घेऊन परत येतो. अर्थ : वैद्यकीय गरज पटत नाही. गरज खरी आहे की नाही, हे ठरवताना रुग्ण कुणी पाहिलेला नसतो. दोन कोड जुळतात का, एवढंच पाहिलं जातं.

चाकरमान्याचं कार्ड

आपल्याकडे आरोग्याच्या पैशांची पहिली मोठी व्यवस्था कामगारांसाठी झाली. राज्य कामगार विमा कायदा १९४८ चा. कोकणातले बरेच पुरुष तेव्हा गिरणगावात होते, त्यामुळे हे कार्ड अनेक कोकणी घरांत पोचलं. कार्ड मुंबईत, आणि कमावत्या माणसाच्या नावावर. विमा नोकरीला चिकटलेला होता, गावाला नाही. देवगडात ताप आला तर त्या कार्डाचा उपयोग मनीऑर्डरीएवढाच, म्हणजे परळहून कुणी पैसे पाठवले तर.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १ जुलै १९५४ रोजी दिल्लीत सीजीएचएस सुरू झाली, मुंबईत १९६३ मध्ये. तिच्या दरपत्रकात लॅबच्या तपासण्या एकेक करून लिहिलेल्या असतात आणि प्रत्येकीपुढे दर. भारतातला तपासण्यांचा सगळ्यात ठळक सरकारी भाव हाच. इतर अनेक योजना आणि कंत्राटं ठरवताना 'सीजीएचएसच्या किती टक्के' असा हिशोब होतो. पण ते दरपत्रक कुणासाठी? सरकारी नोकर आणि पेन्शनर. आंब्याच्या कलमांवर राबणाऱ्या किंवा ट्रॉलरवर जाणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

तिसरा रस्ता विम्याचा. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणला. अट : किमान २४ तास भरती. तपासण्यांचे पैसे मिळणार, पण भरतीला चिकटून. साधारणपणे आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस, आणि त्याही त्याच आजाराच्या. पुढे प्रत्येक कंपनी आपापल्या भाषेत 'हे मिळणार नाही' लिहू लागली. म्हणून २०१९ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, न मिळणाऱ्या गोष्टींची एकसारखी यादी केली आणि प्रत्येकीला कोड दिला. तुमच्या पॉलिसीचा पीडीएफ उघडा आणि 'एक्सक्ल०४' शोधा. सापडेल. मथळा : तपासणी आणि मूल्यमापन. मुख्यतः निदानासाठी झालेली भरती असेल तर तिचा खर्च मिळणार नाही.

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दोनदा वाचलं. सामान्य भारतीयाच्या विम्यात तपासणीला एक नंबर आहे, आणि तो पैसे न देण्याचा आहे.

आमच्या शेजारच्या काकांना हा नंबर भेटला. लावणी संपता संपता त्यांना ताप भरला. चार दिवस उतरेना, डोळे लाल, पोटऱ्या ठणकत होत्या. कोकणात पावसाळ्यात अशी लक्षणं दिसली की पहिला संशय लेप्टोचा. मुलाने मुंबईहून फोन करून त्यांना एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत आईवडील होते. दोन दिवस सलाईन, अँटिबायोटिक आणि तपासण्या. लेप्टो नाही, डेंग्यू नाही, मलेरिया नाही. ताप उतरला, काका घरी आले. विमा कंपनीचं पत्र आलं की भरती मुख्यतः तपासणीसाठी होती. काकांनी मला ते वाचायला दिलं. मी समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "माका काय झालां तां बघूक गेलंय, ह्योच माझो गुन्हो काय रे?"

रिपोर्टमध्ये लेप्टो निघाला असता तर आयसीडीचा ए२७ लागला असता आणि पैसे बहुधा मिळाले असते. लेप्टो न निघाल्यामुळे तपासणी वायफळ ठरली. पण लेप्टो नाही हे कळणं हीच तर त्या तपासणीची कमाई होती.

पॅकेजच्या पोटात

विमा नसलेल्यांसाठी महाराष्ट्राने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आणली, हृदय, मेंदू, किडनी अशा मोठ्या आजारांसाठी. तिचं मोठं रूप म्हणजे २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. त्या आठांत आपला सिंधुदुर्ग नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर झाली, तेव्हा आपण आत आलो. यादीत ९७२ उपचार आणि शस्त्रक्रिया, शिवाय १२१ पाठपुरावा पॅकेजं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. १ एप्रिल २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. १ जुलै २०२४ पासून रेशनकार्ड असलेल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आणि तेव्हाच्या यादीत १,३५६ उपचार.

केंद्राची आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ ची. तिचेही कोड आहेत. पहिली दोन अक्षरं शाखा सांगतात : एसजी म्हणजे जनरल सर्जरी, एमजी म्हणजे जनरल मेडिसिन, एमओ म्हणजे कर्करोगावरची औषधं. सुरुवातीला १,३९३ पॅकेजं होती, २०२२ च्या यादीत १,९४९ झाली.

या याद्यांमुळे किती घरं वाचली, हे कोकणात वेगळं सांगायला नको. बायपास, डायलिसिस, केमो, पूर्वी जमीन विकून व्हायचे ते उपचार आता रेशनकार्डावर होतात. आणि पॅकेजमध्ये तपासण्याही येतात. बेड, नर्स, भूल, औषधं, जेवण, एक्स-रे, रक्ततपासणी, सगळं मिळून एक रक्कम. रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मनुष्याला भरतीच्या दिवशी हे मोठंच सुख.

पण तपासणी पॅकेजच्या पोटात गेली की तिचं स्वतंत्र अस्तित्व संपतं. दवाखान्यासाठी ती खर्चाची बाजू होते, जितकी कमी तितकं उरतं जास्त. लॅबस्कॅमच्या बरोबर उलट मोह. आणि जो अजून पॅकेजपर्यंत पोचलेलाच नाही, त्याची तपासणी तर यादीच्या बाहेरच. आयुष्मान भारतमध्ये भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस धरले जातात. ओपीडी नाही. केवळ मूल्यमापनासाठी केलेली तपासणीही नाही.

तीन दिवस. देवगडच्या माणसाचा हिशोब करून बघा. पहिले दोन दिवस पॅरासिटामॉल. तिसऱ्या दिवशी डॉक्टर, रक्त. पाचव्या दिवशी 'सोनोग्राफी करून घ्या' म्हणून कणकवली. आठवड्याने 'बायोप्सी लागेल' म्हणून कोल्हापूर. तुकडा पुढे मोठ्या लॅबला. दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट. मग कुठे योजनेचा दवाखाना, कागदपत्रं, मंजुरी आणि भरती. कर्करोगाचं नाव कळेपर्यंतचा सगळा रस्ता स्वतःच्या पैशाने चालायचा. नाव कळलं की सरकार भेटतं.

मला या सगळ्या इतिहासातून दिसलेली गोष्ट एवढीच आहे. आपल्या व्यवस्थेत रोगाचं नाव दाखवलं की पैसे मिळतात, पण ते नाव शोधून काढायचे पैसे कुणी देत नाही. ज्याच्याकडे ते नसतात, तो कोतवाल बुकाच्या रकान्यातच राहतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. दोनशे रुपयांचा एकेक दावा तपासायचा तर तपासायचाच खर्च जास्त होईल. भरती झालेला माणूस मोजता येतो, ओपीडीतल्या रक्ताच्या नळ्या मोजत कोण बसणार? अमेरिकेने प्रत्येक नळीला नंबर दिला आणि मग नंबरांवर पहारा ठेवायला आमच्यासारखी फौज उभी केली. माझा पगार त्या पहाऱ्यातून निघतो, हे मला ठाऊक आहे.

बांबोळीची खिडकी

सिंधुदुर्गाच्या माणसाला गंभीर काही झालं की तो पिढ्यान्‌पिढ्या गोव्याला जात आला आहे. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, आपल्या बोलण्यात नुसतं 'बांबोळी'. तिथे तपासणीसाठी कुणी रहिवासी दाखला विचारत नव्हतं. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. गोव्याच्या लोकांसाठी २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना होती, आपल्याकडे महात्मा फुले. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन माणसांचे पैसे आता दोन वेगळ्या राज्यांच्या याद्यांवर अवलंबून होते.

जिल्ह्यात नाराजी उसळली, दोडामार्गात आंदोलन झालं. मागणी दोन होत्या : बांबोळीत महाराष्ट्राची योजना चालावी, आणि मुळात आपल्या जिल्ह्यात चांगलं रुग्णालय व्हावं. पुढे ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. पण २०१८ चा धडा वेगळा होता. जी गोष्ट आपण शेजारधर्म समजत होतो, ती प्रत्यक्षात कुणाच्या तरी बजेटमधली ओळ होती. ती ओळ कधीही खोडता येते.

माकडतापाला नाव मिळालं तेव्हा

त्याच दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप आला. जंगलात माकडं मरत होती, काजूच्या बागांत जाणारी माणसं तापाने पडत होती. हा रोग पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला होता. त्याचा विषाणू ओळखला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने. आयसीडी-१० मध्ये त्याला स्वतःचा कोड आहे, ए९८.२. जगाच्या यादीत आपल्या सह्याद्रीतलं एक जंगल बसलेलं आहे.

२०१६ मध्ये नमुने पुण्याला गेले आणि 'ताप' हा 'माकडताप' झाला. नाव बदलताच पुढचं सगळं बदललं. गोचिडीपासून कसं जपायचं हे सांगता आलं, अंगाला लावायचं तेल वाटता आलं, लसीकरण करता आलं. या तपासण्यांचं बिल कुणा रुग्णाच्या नावाने फाटलं नाही. साथ म्हटली की सरकार तपासणीचा खर्च उचलतं, कारण एकाचं निदान सगळ्या गावाच्या उपयोगाचं असतं. काकांच्या तापाचं निदान मात्र त्यांचा खाजगी प्रश्न. लेप्टो असता तर तोही गावाचा प्रश्न झाला असता, पण लेप्टो आहे का हे पाहण्याचा खर्च काकांचा.

भाव ठरवता येतो

'लॅबचे दर बाजार ठरवतो, सरकार काय करणार' हे वाक्य २०२० पर्यंत सगळे म्हणायचे. मग कोविड आला. मार्च २०२० मध्ये आरटी-पीसीआरला आयसीएमआरने कमाल ४,५०० रुपये दर ठरवला. १३ जून २०२० ला महाराष्ट्राने तो २,२०० वर आणला, घरून नमुना घेतला तर २,८००. ऑक्टोबरमध्ये ९८०. ३१ मार्च २०२१ ला ५००. डिसेंबर २०२१ मध्ये ३५०. पावणेदोन वर्षांत त्याच तपासणीचा भाव तेराव्या हिश्श्यावर आला. किट स्वस्त झाले, देशात बनू लागले, मशीनमध्ये एका वेळी जास्त नमुने जाऊ लागले हे खरंच. पण प्रत्येक टप्प्यावर सरकारने आकडा जाहीर केला म्हणून तो फायदा तुमच्या-माझ्यापर्यंत आला.

एरवी भाव जाहीर नसतो, तिथे कट राहतो. २०१७ मध्ये राज्याने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला, निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून. तो मसुदाच राहिला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने लॅब रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे कायम केलं. दर्जाच्या दृष्टीने ते बरोबरच. पण किनारपट्टीच्या गावांत पॅथॉलॉजिस्ट किती असतात? सही महाग झाली तर तीही शेवटी त्या अर्ध्या पानाच्या बिलात येते. नमुने कुरिअरने मुंबईला पाठवून हजारो एकदम तपासायचे, हा थायरोकेअरसारख्या कंपन्यांनी दाखवलेला रस्ता. त्याने दर उतरले. पण चार दिवसांच्या तापाला मुंबईचा रिपोर्ट उशिरा पोचतो.

भिंतीवरची यादी

भारताने तपासणीच्या पैशावर शोधलेलं उत्तर कोडचं नाही, फुकट देण्याचं आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाने मोफत तपासणी सेवा आणली. २०१९ च्या सुधारित यादीप्रमाणे उपकेंद्रात १४ तपासण्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९७, उपजिल्हा रुग्णालयात १११ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ मिळायला हव्यात. महाराष्ट्रात हे काम एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीकडे गेलं, 'महालॅब' या नावाने. आरोग्य केंद्रात रक्त घ्यायचं, गाडीने मोठ्या लॅबला न्यायचं, रिपोर्ट परत पाठवायचा. रुग्णाने काही भरायचं नाही.

या रचनेत दावा नाही, सीओ-५० नाही, एक्सक्ल०४ नाही, भरतीची अट नाही. आधी नाव शोधा, पैशाचं नंतर बघू, हा क्रम एवढ्या एकाच ठिकाणी सरळ आहे. त्रुटी अर्थातच आहेत. गाडीची वेळ चुकली की नमुना दुसऱ्या दिवशी जातो, रविवारचा ताप सोमवारपर्यंत थांबतो, आणि यादीत असलेली तपासणी प्रत्यक्षात होतेच असं नाही.

आणि इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट उपयोगाची आहे. १९९४ मध्ये इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने 'लॉइंक' नावाची यादी सुरू केली. तिच्यातही प्रत्येक तपासणीला नंबर असतो, हिमोग्लोबिनचा ७१८-७. पण या नंबराला किंमत जोडलेली नाही. एका लॅबचा रिपोर्ट दुसरीला कळावा एवढाच त्याचा हेतू. भारताच्या आरोग्य नोंदींच्या मानकांत लॉइंक आणि स्नोमेड दोन्ही सुचवलेल्या आहेत आणि २०२१ पासूनचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन त्यांच्याच जोरावर उभं राहायचं आहे. देवगडच्या खाजगी लॅबची सीबीसी, आरोग्य केंद्राची महालॅब आणि बांबोळीचा रिपोर्ट एका भाषेत बोलू लागले, तर कोल्हापूरला पोचल्यावर 'आमच्याकडे पुन्हा करा' म्हणायचं कारण उरणार नाही. दुसऱ्यांदा भरायचे पैसे वाचतील, आणि कुठल्या तालुक्यात कशाच्या किती तपासण्या झाल्या हे जिल्ह्याला त्याच आठवड्यात कळेल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर दोन कामं कुणालाही करता येतील. आपल्या आणि आईवडिलांच्या पॉलिसीतलं एक्सक्ल०४ चं पान भरती व्हायच्या आधी वाचून ठेवा, आणि भरती करताना डॉक्टरांना उपचाराचं कारण कागदावर स्पष्ट लिहायला सांगा. दुसरं, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, ६३ पैकी किती होतात? यादी भिंतीवर लावलेली असेल तर वाचा, नसेल तर मागा. आमच्याकडे काकांनी विचारली. यंदा लावणीआधी.